एक खुंटा खरा

एकोणीसशे त्र्याहत्तर साली मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, तिसरी नापास होतो, आणि गोष्ट सांगण्यात मला हरवणारा माणूस कर्जतच्या चारी अंगाला नव्हता. हे फुशारकीनं सांगत नाही. म्हणजे फुशारकीनंच सांगतोय, पण खरं आहे म्हणून. मी पारावर बोलायला लागलो की समोरच्याच्या हातातली विडी बोटाला चटका देईपर्यंत तशीच जळायची.

त्या साली जेठात एक कीर्तनकार बुवा आमच्या गावी आले. दुष्काळ सरत आला होता, पण तो सरतोय हे तेव्हा कुणाला ठाऊक? एस.टी.तून उतरले ते पत्र्याची ट्रंक, छत्री आणि एक गजराचं घड्याळ घेऊन. घड्याळ बंद. मी विचारलं, "बंद घड्याळ कशाला बाळगता?" तर म्हणाले, "चालू होतं तेव्हा ते मला हुकूम सोडायचं. आता आम्ही दोघं गप्पा मारतो."

माझ्या गोठ्याला लागून कडब्याची खोली होती. कडबा कधीच संपला होता, खोली रिकामी पडली होती. ती मी त्यांना राहायला दिली.

पूर्वी ते पुण्यात कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. गावात कुणी म्हणायचे बायकोनं टाकला, कुणी म्हणायचे डोक्यावर परिणाम झालाय. त्यांनी स्वतः सांगितलं ते निराळंच. एका पोरानं वर्गात विचारलं, "सर, ह्या सगळ्याचा माणसाला उपयोग काय?" बुवा म्हणाले, "थांब, विचारून येतो." आणि खडू हातात घेऊन बाहेर पडले, ते परत गेलेच नाहीत. "मग, मिळालं का उत्तर?" मी विचारलं. "अजून विचारतोच आहे, पंडित."

मला पंडित म्हणायचे. माझी चेष्टा करतात असं वाटून पहिल्या दिवशी मी जोडा हातात घेतला होता. पण ती त्यांची रीतच होती. शाळा न शिकलेल्या प्रत्येकाला ते पंडित म्हणत, आणि शिकलेल्याला बाळ. तलाठी दप्तर घेऊन आला की, "या बाळ, बसा." तलाठ्याला पन्नाशी उलटलेली! तो तोंड वाकडं करायचा. मी आतल्या आत खूश व्हायचो.

पोटासाठी म्हणून नव्हे, हौसेनं ते कीर्तन करायचे. आवाज असा, की पखवाजवाला मान खाली घालून बसायचा. मध्येच टाळकऱ्यांना थांबवून एखाद्या शब्दावर भांडायचे. तरी लोक यायचे, कारण बुवा दृष्टांत झकास सांगायचे. कीर्तनाचं कसं असतं, आधी सिद्धांत. देह नाशवंत आहे, लोभ वाईट आहे, असलं काहीतरी. मग तो गळी उतरावा म्हणून दृष्टांत, म्हणजे कुणाची तरी गोष्ट. इतर बुवा गोष्ट झाली की पुन्हा तिचा अर्थ सांगत बसतात. आमचे बुवा गोष्ट संपली की उपरणं झटकून सरळ खाली उतरायचे. लोक ओरडायचे, "अवो, अर्थ तरी सांगा!" बुवा म्हणायचे, "जेवण झाल्यावर पाहुण्याच्या तोंडात बोट घालून घास मोजणारा यजमान पाहिलाय का?"

आणि म्हणायचे, "सिद्धांत म्हणजे मीठ, पंडित. मुठीनं खाल्लं तर ओकारी. भाकरीत विरघळलं पाहिजे. मी तीस वर्षं पोरांना मुठीनं मीठ चारलं."

सिद्धांत त्यांच्याकडे ट्रंकभर होते. गोष्टी नव्हत्या. म्हणून कीर्तनाची बिदागी ते घेत नसत, एक दृष्टांत मागून घेत. ज्याचा घेतला त्याचं नाव कीर्तनात मोठ्यानं घ्यायचे, "हा दृष्टांत अमक्या पंडिताचा." ह्या बाबतीत अगदी कडवे. एकदा एका म्हातारीचं नाव विसरले, तर दुसऱ्या दिवशी भर उन्हात तिच्या घरी जाऊन कान धरून उभे राहिले. खोलीच्या भाड्याचं बोलणं निघालं तेव्हा म्हणाले, "भाडं म्हणून तुमचं नाव घेईन." मला वाटलं, काय खुळा आहे. पण एकादशीला चारशे माणसांत माझं नाव घेतलं गेलं तेव्हा माझी छाती अशी फुगली की टाळाचा ठेका चुकला. त्या दिवसापासून मी रोज सकाळी त्यांना एक गोष्ट द्यायला लागलो.

खोलीच्या भिंतीवर त्यांनी कोळशानं एक ओळ लिहून ठेवली होती. मी अक्षर अक्षर जुळवत वाचली. 'नसलेल्या माणसासाठी खरं रडू कसं येतं?'

"हे काय हो?"

"माझा प्रश्न. तुम्ही गोष्ट सांगता. तिच्यातला माणूस कधी जन्मलाच नाही, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. तरी तो रडतो. मग तो रडतो कुणासाठी? मोठमोठ्या बाळांनी ग्रंथ लिहिलेत ह्यावर."

"मग?"

"सगळं मूठमूठ मीठ."

मी म्हणालो, "सोपं हाय, बुवा. सांगनारा भारी असला की येतं रडू." बुवा हसले नाहीत. म्हणाले, "कदाचित तुम्हीच सांगाल मला, पंडित."

आता गोष्ट कशी असावी ते त्यांनी मला शिकवलं, तेही सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. एकदा मी लांडगा आणि धनगराची एक लांबलचक गोष्ट सांगितली. मला स्वतःला फार आवडलेली. बुवांनी जांभई दिली.

"ह्यात खरं काय आहे?"

"समदं खोटं हाय. मीच रचली."

"म्हणून पडली. पंडित, गोष्टीत एक खुंटा खरा ठोकावा. एकच. मग त्याला हत्ती बांधा, लोक हत्ती खरा मानतील. खुंटाच खोटा असला तर शेळीसुद्धा राहत नाही."

तेव्हापासून मी गोष्ट सांगायला लागलो की मध्येच विचारायचे, "खुंटा?" की मी काहीतरी डोळ्यांनी पाहिलेलं घालायचो. कधी सासऱ्याचा तुटका दात, कधी विहिरीवरचा फुटका रहाट. आणि गोष्ट खरंच उभी राहायची. शिकलेल्या माणसाकडून आयुष्यात मी एवढंच शिकलो.

आता माझ्या वहिनीचं सांगायला पाहिजे. एवढा वेळ ते टाळलं.

माझा थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी पान लागून, म्हणजे साप चावून, गेला होता. वहिनी शेजारच्याच घरात, वेगळ्या चुलीवर. तिच्याकडे एक बैल, पाखऱ्या. माझ्याकडे एक, सर्ज्या. दोघांची मिळून एक जोडी, सावडीनं औत चालायचं. दुष्काळात चैत्राच्या सुमाराला दावणीला काडी राहिली नाही, तेव्हा दोन्ही बैल श्रीगोंद्याकडच्या गुरांच्या छावणीत नेऊन घालायचं ठरलं. तिथं उसाचं वाढं मिळत होतं. चालत तीन दिवसांची वाट. निघताना वहिनीनं घरातली शेवटची कडब्याची पेंढी आणून माझ्या खांद्यावर दिली. बांधायला दोरी नव्हती म्हणून तिनं आपल्या जुन्या लुगड्याचा जांभळा काठ फाडून पेंढी आवळली होती. म्हणाली, "भावजी, ही पाखऱ्याला घाला. त्यो थकलाय, वाटंत बसंल. तुमचा सर्ज्या तरना हाय, निभंल."

दुसऱ्या दिवशी दुपारी एका कोरड्या ओढ्यात थांबलो. दोन्ही बैलांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. मी गाठ सोडली. आधी मनात आलं, निम्मी निम्मी घालावी. मग वाटलं, निम्म्यानं दोन्ही मरतील. मग सर्ज्यानं मान पुढं केली. पाखऱ्याला दिसू नये म्हणून मी त्याला बाभळीला उलट्या तोंडानं बांधला, आणि पेंढी सर्ज्यापुढं टाकली. पाखऱ्याला दिसलं नाही. पण वाळला कडबा चावताना वाजतो. पाखऱ्याचे कान मागं वळलेले मी बघितले. हंबरला नाही.

सकाळी तो उठला नाही.

वहिनीला येऊन सांगितलं, "घटसर्पानं गेला. छावणीत लई जनावरं गेली." तिनं विचारलं, "पेंढी खाल्ली का त्यानं?" मी म्हणालो, "व्हय. समदी खाल्ली." तिनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "बरं झालं. उपाशी न्हाई गेला."

जेठ सरता सरता पाऊस पडला. सर्ज्या छावणीतून धडधाकट परत आला. पण एका बैलाचं औत चालत नाही. शेजाऱ्याच्या बैलाशी सावड करून मी माझं रान पेरलं. वहिनीला सावडीला घालायला काही नव्हतं. तिचं निम्मं पडीक राहिलं. बांधावरून रोज ते दिसायचं.

श्रावणात सप्ता बसला. दुष्काळातून उठलेलं गाव, नावाजलेल्या बुवांना बोलवायची ऐपत नव्हती. सप्त्याचं सगळं बघायचे ते तात्या म्हणजे गावातले जुने विणेकरी. त्यांनी आमच्या बुवांना सहाव्या दिवसाचं कीर्तन दिलं आणि सातव्या दिवसाचा काला पण दिला. काल्याचं कीर्तन म्हणजे मान. बुवांना असा मान उभ्या जन्मात कुणी दिला नव्हता. पोरासारखे हरखले. माझ्या खोलीत येरझाऱ्या घालत म्हणाले, "पंडित, उद्या असा दृष्टांत हवा की सगळं गाव रडेल. मग मी त्यांनाच माझा प्रश्न विचारीन. आणि परवा काल्याला उत्तर. माझ्यापाशी उत्तर नाही, पण परवापर्यंत येईल. ते रडताना मला बघायचंय."

माझ्या सगळ्या गोष्टी देऊन झाल्या होत्या. खरं म्हणजे नव्हत्या झाल्या. एकच गोष्ट आत घशाशी येऊन बसली होती, ती दुसऱ्या कुठल्याच गोष्टीला बाहेर येऊ देत नव्हती. मी विचार केला, गाव बदललं की पाप बदलतं. आमच्या गावाचं बेलापूर केलं. बैलांच्या म्हशी केल्या. वहिनीची शेजारीण केली. छावणीच्या जागी आठवड्याचा बाजार घातला. आणि म्हणालो, "बुवा, ही ऐकीव हाय. कुनाची ते ठावं न्हाई. माझं नाव घेऊ नका."

सांगितली. पेंढी कशानं बांधली होती तिथं मी 'सुंभानं' म्हणालो. बुवांनी जांभई दिली.

"खुंटा?"

मग म्हणालो, "लुगड्याच्या काठानं. जांभळ्या."

बुवा ताठ बसले. "हं. आता उभी राहिली."

रॉकेल मिळत नव्हतं म्हणून त्या वर्षी कीर्तन दिवस मावळायच्या आत उरकायचं ठरलं होतं. देवळापुढं सगळं गाव. मी टाळकऱ्यांत, बुवांच्या मागं. बुवांनी सिद्धांत थोडक्यात आटोपला आणि दृष्टांत घेतला. अजून सांगतो, तसा दृष्टांत पुन्हा कुठं ऐकला नाही. माझीच गोष्ट, पण मला माहीत नसल्यासारखी ऐकत होतो. म्हशीचं तोंड फिरवून बांधलं तिथं बुवांनी स्वतःच तोंड फिरवलं आणि नुसते उभे राहिले. कान तेवढे आमच्याकडं. बायकांच्या बाजूनं हुंदके यायला लागले. तात्यांसारखा दगड, त्यानंही डोळे पुसले.

मग बुवा वळले. आनंदानं त्यांचा चेहरा फुलला होता. "आता सांगा मला! ही म्हैस झालीच नाही. हा माणूस जन्मलाच नाही. मग हे पाणी आलं कुठून?"

कीर्तनात बुवांना उत्तर द्यायची कुठं पद्धत असते? पण बायकांच्या बाजूनं एक बाई उठून उभी राहिली. माझी वहिनी.

"बुवा, त्यो काठ कंच्या रंगाचा म्हनलात?"

बुवांना कीर्तनात आजवर कुणी प्रश्न विचारला नव्हता. ते इतके खूश झाले की दोन पावलं पुढं गेले. "जांभळा, बाई! जांभळा."

"ही गोष्ट कुनाची?"

सगळ्या गावाला बुवांची रीत ठाऊक होती. नाव ऐकायला माना वर झाल्या. बुवा हसत हसत मागं वळले, बहुतेक मलाच विचारायला, की बेलापूरच्या कुणाची हो? आणि त्यांनी माझं तोंड बघितलं.

बुवांचं हसू कसं गेलं ते मला अजून दिसतं.

आता मी काय केलं ते सांगतो. मी उठलो. टाळ गळ्यात तसेच. आणि ओरडलो, "लोकांच्या घरातली दुखनी उकरून गोष्टी करता व्हय, बुवा? माझा भाऊ न्हाई म्हनून माझ्या वहिनीला चारचौघांत रडवता? माझ्याच खोलीत राहून?"

माझा आवाज मोठा. गोष्ट सांगणाऱ्याचा आवाज. चार माणसांना लगेच पटला.

तात्या म्हणाले, "बुवा, नाव सांगा. कुनाचा दृष्टांत ह्यो?"

बुवा माझ्या गळ्यातल्या टाळांकडं बघत होते. म्हणाले, "माझा. मीच रचला."

"आन त्यो जांभळा काठ?"

"ह्या बाईंच्या अंगणात लुगडं वाळत घातलेलं होतं. येता जाता पाहिलं. तिथून घेतला."

सगळं खोटं, आणि खुंटा मात्र खरा. त्यांच्याच शिकवणीप्रमाणे खोटं बोलले, म्हणून लोकांनी खरं मानलं. विधवा बाईच्या वाळत्या लुगड्याकडं बघतो, असं म्हणून जी कुजबुज उठली ती मी उभ्याउभ्या ऐकली. एक शब्द बोललो असतो तर थांबली असती. तात्या म्हणाले, "उद्याचा काला तुमच्याकडं न्हाई." बुवांनी गळ्यातला हार काढला, घडी घालायची वस्तू असावी तसा तो जपून ओट्यावर ठेवला, आणि खाली उतरले. वहिनी माझ्याकडं बघत होती. बुवांकडं तिनं एकदाही बघितलं नाही.

माझं चुकलं, हे मी बायकोलाही कधी म्हटलेलं नाही, पोरांनाही नाही. गावात आजवर कुणाला हे सांगितलेलं नाही. तात्या गेले, टाळकरी गेले, बुवांचं नाव निघालं की अजून कुणी म्हातारा म्हणतो, 'त्यो चावट बुवा', आणि मी मान हलवतो. पन्नास वर्षं हलवतोय.

दुसऱ्या दिवशी फटफटायला लागल्यावर शेजारच्या खोलीत ट्रंक सरकल्याचा आवाज आला. मी जागाच होतो. गोधडी तोंडावर ओढून घेतली. पावलं माझ्या दारापाशी येऊन थांबली. थोडा वेळ थांबली. मी घोरल्यासारखं केलं. मग गेली.

ऊन आल्यावर खोलीत जाऊन बघितलं. बंद घड्याळ कोनाड्यात ठेवून गेले होते. भिंतीवरचा पहिला शब्द ओल्या हातानं पुसलेला, नुसता काळा फराटा उरला होता. बाकीचं मी अक्षर अक्षर जुळवत वाचलं. 'माणसासाठी खरं रडू कसं येतं?'

देवळात काल्याचा पखवाज सुरू झाला. सगळं गाव तिकडं जाणार, वाटेत कुणी भेटणार नाही, म्हणून मी तीच वेळ धरली. सर्ज्याला सोडला आणि वहिनीच्या गोठ्यात नेऊन पाखऱ्याच्या खुंट्याला बांधला. वळतो तर वहिनी दारात. ती काल्याला गेली नव्हती.

"ह्यो हितं का?"

मी म्हणालो, "माझा गोठा गळतोय."

ती आत गेली. हिरव्या गवताची पेंढी घेऊन आली आणि बैलापुढं न टाकता माझ्यापुढं ठेवली. पेंढी त्याच जुन्या लुगड्याच्या दुसऱ्या जांभळ्या काठानं आवळलेली होती.

"सोडा, भावजी. तुमाला गाठ ठावी हाय."

मी खाली बसून गाठ सोडली. गवत सर्ज्यापुढं टाकलं. तो खायला लागला, आणि मी जायला म्हणून तोंड फिरवलं.

"न्हाई," वहिनी म्हणाली. "तोंड फिरवू नका. बगा हिकडं."

पेंढी संपेपर्यंत मी बघत उभा राहिलो.